कुप्यासाठी काठी

वेसाव्याच्या बंदरावर कुपा हा काही मानाचा मासा नाही. पापलेट, सुरमई, रावस यांच्या पाट्यांभोवती गिऱ्हाइकांची झुंबड असते आणि कुपा एका बाजूला, निळ्याकाळ्या पाठीचा, बंदुकीच्या गोळीसारखा घट्ट, ओळीनं पडलेला असतो. मांस लालभडक, वासाला उग्र. घरी नेला तर निम्मी मंडळी नाक मुरडतात. यालाच इंग्रजीत ट्यूना म्हणतात आणि जपानात याच्या थोरल्या भावंडांचा लिलाव मोटारगाडीच्या किमतीत होतो, असं सांगितलं तर कोळणी मला वेड्यात काढतात.

पण हाच मासा जिवंत असताना दोरीच्या दुसऱ्या टोकाला असला, तर गोष्ट वेगळी. बहुतेक माशांचं अंग भोवतालच्या पाण्याइतकंच थंड असतं. कुप्याच्या कुळातले मासे पोहण्याच्या स्नायूंत तयार होणारी उष्णता अंगातच राखून ठेवतात, त्यामुळे त्यांचे स्नायू जणू कायम गरम इंजिनासारखे तयार. गळ लागला की कुपा आधी सरळ रेषेत पळतो आणि दमला की होडीच्या खाली जाऊन गोल गोल घिरट्या घालतो. या घिरट्या मंडळींनी लक्षात ठेवाव्यात, कारण काठी निवडण्याचं सगळं गणित तिथेच येऊन थांबतं.

मी मासेमार नव्हे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत फायबरग्लासचं काम करणाऱ्या एका कारखान्यात माझी बत्तीस वर्षं गेली. टाक्या, पत्रे, पाइप, जे सांगतील ते. वेसाव्याच्या एका तांडेलांच्या होडीची फुटलेली बाजू एकदा सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करून दिली, तेव्हापासून त्यांच्याशी मैत्री. त्यांच्याबरोबर होडीत बसायला लागलो आणि गळाचा नाद लागला. पवई तलावावर गळ टाकणाऱ्या जुन्या मंडळींत एकाच्या हातात मी पहिल्यांदा फ्लाय रॉड पाहिला आणि म्हटलं, आपल्याला हेच पाहिजे.

नेहमीच्या काठीत आणि फ्लाय रॉडमध्ये फरक काय, ते सांगतो. नेहमीच्या काठीनं आपण शिशाचं वजन किंवा जड आमिष फेकतो आणि बारीक तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय रॉडचं आमिष म्हणजे पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला नकली मासा. तो इतका हलका की फेकताच येत नाही. म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. चाबकासारखी ती मागे-पुढे खेळवायची आणि तिच्या वजनानं पिसाचा मासा पुढे न्यायचा. काठीवर जो नंबर छापलेला असतो, तो या दोरीच्या वजनाचा. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन पाच नंबरात साधारण ९ ग्रॅम भरतं, बारा नंबरात साधारण २५ ग्रॅम. कुप्यासाठी दहापासून बारापर्यंतचा नंबर लागतो, हे कुणीही सांगेल. जे कुणी सांगत नाही ते असं, की हा नंबर फेकण्याचा आहे, उचलण्याचा नाही. बारा नंबरच्या दोन काठ्या सारखीच दोरी फेकतील, पण खोल गेलेला मासा वर आणताना एक उभी राहील आणि दुसरी मोडेल. हे मला फार महागात पडून कळलं.

माझी पहिली काठी होती बारा नंबरची, नऊ फुटी, हाताला पिसासारखी हलकी. जाहिरातीत 'तीस टन कार्बन' असं ठळक लिहिलेलं. किंमत स्वस्त. विकणाऱ्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, चूक निम्मी माझीच होती. पावसाळ्यातली बंदी संपून, नारळी पौर्णिमा होऊन दोनेक महिने झाले की समुद्र निवळतो आणि कुप्याचे थवे वर येतात. तशाच एका सकाळी चारेक किलोचा कुपा लागला. पळाला, थांबला, होडीखाली गेला आणि घिरट्या घालू लागला. मी उत्साहाच्या भरात काठीचा शेंडा आभाळाकडे केला आणि ओढलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला. काठीचा वरचा सांधा फुटला होता आणि त्याचा एक तुकडा उडून तांडेलांच्या भुवईत घुसला होता.

चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असता तर डोळा गेला असता. तांडेल हसत होते, पण वहिनी हसत नव्हत्या. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही या, जेवा, बसा. पन ती काठी पुन्यांदा आमच्या होडीत नको." मी मान खाली घालून घरी आलो. त्यामुळे दुसरी काठी घेताना माझ्यासमोर मासा नव्हता, वहिनी होत्या.

मोडलेले तुकडे मी घरी आणले. बत्तीस वर्षं हेच काम केलेलं, तेव्हा तुकडा हातात घेतला की कळतंच. काठी म्हणजे एक पोकळ नळी. शीतपेयाची स्ट्रॉ घ्या आणि हळूहळू वाकवा. ती एकदम मोडत नाही. आधी वाकलेल्या जागी चपटी होते आणि चपटी झाली की घडी पडते. कार्बनच्या नळीचं तेच होतं, फक्त घडी पडण्याऐवजी ती फुटते. नळीला चपटं होऊ द्यायचं नसेल, तर लांबीच्या दिशेनं धावणाऱ्या धाग्यांबरोबर आडवे, गोल गुंडाळलेले धागेही लागतात. पिंपाला जशी कडी असतात तसे. माझ्या काठीत उभे धागे भरपूर होते, आडवे जवळजवळ नव्हतेच. आडवे धागे घातले की वजन वाढतं, आणि दुकानात गिऱ्हाईक काठी हातात तोलून "किती हलकी!" म्हणतं. त्या 'किती हलकी'ची किंमत तांडेलांच्या भुवईनं दिली.

आणि ते 'तीस टन'? तो आकडा काठीच्या ताकदीचा नाही, धाग्याच्या कडकपणाचा आहे. धागा जितका कडक तितका कमी माल वापरून ताठ काठी करता येते. ती हलकी आणि चपळ होते, पण भिंत पातळ राहते. दगडाला टेकली, शिसं बांधलेलं आमिष फेकताना टणकन आपटलं, की बारीकसा ओरखडा राहतो आणि पुढच्या मोठ्या माशाला काठी तिथेच जाते. स्वस्तात जड काठी हवी असेल तर मोठ्या आकड्याच्या मागे लागू नये. चोवीस टनाचा साधा कार्बन बरा. कार्बनमध्ये काचतंतू मिसळलेली काठी त्याहून बरी. तिला फायबरग्लास म्हणून हिणवणारे भेटतील, पण दुसऱ्या महायुद्धानंतर पंचवीस-तीस वर्षं जगभर मोठे मासे याच काचतंतूंच्या काठ्यांवर पकडले जात होते. कार्बनच्या काठ्या बाजारात आल्या त्या १९७० च्या दशकात. आणि त्याही आधी होता बांबू. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बांबूच्या पट्ट्या चिरून, चिकटवून ज्या फ्लाय रॉड बनत, त्यांचा बांबू आपल्याकडून, कलकत्त्याहून जात असे. त्याला तिकडे 'कलकत्ता केन' असंच नाव होतं. पुढे चीनच्या टोंकिन बांबूनं त्याला मागे टाकलं. मला ही माहिती मिळाली तेव्हा उगाचच बरं वाटलं.

बांबूवरून मिनिकॉय आठवलं. लक्षद्वीपमधल्या या बेटावर आजही कुपा बांबूच्या काठीनं मारतात. जिवंत चारा पाण्यात टाकून थवा होडीजवळ आणायचा, विनाकाट्याचा गळ टाकायचा आणि मासा लागला की पळायला क्षणाचीही सवड न देता एका हिसक्यात होडीत. तिथे रीळ नाही, दोरी सोडणं नाही, झुंज नाही. पोट भरण्यासाठी मासा मारायचा तर हीच रीत शहाणपणाची. तांडेल मला तेच ऐकवतात. "हातानं तंगूस वढला तर पाच मिनटांत वर येतो. तुम्ही काठी लावता नि अर्धा तास त्याच्या पाया पडता."

तांडेलांचं म्हणणं यंत्रशास्त्राला धरूनच आहे. काठी ही तरफ आहे, पण ती आपल्या नव्हे, माशाच्या बाजूची. बुंधा पोटाला टेकवलाय, एक हात बुंध्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि वाकलेल्या काठीवर माशाची ओढ दीड मीटरवर पडतेय असं धरा. मासा २ किलोनं ओढत असेल, तर माझ्या हाताला त्याच्या पाचपट, म्हणजे १० किलोचा जोर लावावा लागतो. काठी जितकी लांब तितका मासा फायद्यात. म्हणून कुप्यासाठी नऊ फुटांपेक्षा साडेआठ किंवा आठ फुटी काठी मिळाली तर ती घ्यावी. लांब काठी दूर फेकायला बरी, पण कुप्याच्या थव्यावर होडी नेली की दहा-बारा मीटर फेकलं तरी पुरतं. किनाऱ्यावरून फेकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आता माझी चूक. होडीखाली घिरट्या घालणाऱ्या माशाला शेंडा आभाळाकडे करून कधीही उचलू नये. तसं केलं की सगळा वाक शेंड्याच्या पातळ भागात गोळा होतो आणि जाड बुंधा नुसता बघत बसतो. काठी क्षितिजाच्या जवळ ठेवायची, वाक बुंध्यात न्यायचा आणि थोडं थोडं उचलत, खाली येताना दोरी गुंडाळत आणायचं. म्हणूनच काठी घेताना शेंडा हलवून बघणारा फसतो. बुंधा बघा. शेंडा टेबलाच्या पायात अडकवून, दुकानदाराची परवानगी घेऊन, बुंध्याला हळू ताण द्या. खालचा तिसरा हिस्सा वाकतो की नाही, आणि वाकून परत ताठ उभा राहतो की नाही, हे पाहायचं. सांध्यांतून 'टिक' असा आवाज आला तर ती काठी तिथेच ठेवून घरी यावं.

बाकी पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. मुठीच्या खाली पोटाला टेकवायला बोंड हवं, नाहीतर रात्री पोटावर निळा डाग घेऊन झोपावं लागतं. रीळ बसवायची जागा ॲल्युमिनियमची, दोन आटे असलेली. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू सहा महिन्यांत गंजून जातो. कड्या मोठ्या हव्यात, दोरीची गाठ त्यांतून न अडखळता निघून गेली पाहिजे. बुचाच्या मुठीला पुट्टी भरून चकचकीत केलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. दिसायला वाईट, एवढंच.

काठी चार तुकड्यांची घ्यावी की दोन? एकसंध काठी सर्वांत मजबूत, हे खरं. पण अंधेरीहून सकाळच्या लोकलमध्ये आठ फुटांची काठी घेऊन चढून दाखवा! चार तुकड्यांची काठी दोन-सव्वादोन फुटांच्या नळकांड्यात मावते आणि लोक फार तर तुम्हाला आर्किटेक्ट समजतात. इथे गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या उपनगरी रेल्वेच्या वरच्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात आणि तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हायलाही लागत नाही. काठी जोडून फलाटावर किंवा पुलावर कधीही उभं राहू नये. समुद्रात विजा चमकायला लागल्या तरी काठी आडवी ठेवून द्यावी.

पैशाचं काय? माझ्याकडे पेन्शनमधून बाजूला काढलेले पंधरा हजार होते. पहिल्या वेळी मी बहुतेक पैसे काठीवर घातले होते आणि रीळ मिळेल ते घेतलं होतं. या वेळी काठीला सहा हजार, रिळाला साडेपाच, उरलेले दोरीला. कुपा पळतो तेव्हा काठी फारसं काही करत नाही, सगळं काम रिळाच्या ब्रेकचं. तो ब्रेक न अडखळता, एकसारखा सुटला पाहिजे. सुरुवातीला चिकटून मग एकदम सुटणारा ब्रेक दोरी तोडतो. रिळावर जाड दोरीच्या मागे किमान दोनशे मीटर बारीक मजबूत दोरा मावला पाहिजे. अंदमानात पिवळ्या पराच्या कुप्याच्या मागे जाणाऱ्याला त्याहून जास्त लागेल. तो माझा प्रांत नव्हे. आणि दोरी घेताना 'ट्रॉपिकल' असं लिहिलेलं पाहावं. थंड देशांसाठी केलेली दोरी आपल्या उन्हात उकडलेल्या शेवयांसारखी मऊ पडते, कड्यांना चिकटते. हा अनुभवही माझ्याच खिशातला.

काठी आली. कार्बन आणि काचतंतू मिसळलेली, अकरा नंबरची, साडेआठ फुटी, रंगाला अगदीच ओबडधोबड. मी तांडेलांना आणि वहिनींना रविवारी घरी बोलावलं. आमची इमारत जुनी, जिन्याच्या मधोमध खालपर्यंत मोकळी जागा आहे. दुसऱ्या मजल्यावर मी काठी घेऊन उभा राहिलो, डोळ्यांना कारखान्यातला चष्मा, खाली वॉचमन कुणाला येऊ देत नव्हता. दोरीच्या टोकाला लिटरच्या पाण्याच्या बाटल्या बांधायच्या, म्हणजे एक बाटली एक किलो. काठी आडवीच्या थोडी वर धरून उचलायचं. एक बाटली उचलली, दोन उचलल्या. तिसरीला बुंधा मुठीपर्यंत वाकला आणि माझे दंड थरथरायला लागले, पण काठीतून आवाज आला नाही. शेजारच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी खाली गेल्या आणि चौथी बाटली स्वतःच्या हातानं बांधून वर आल्या. ती काही मला उचलली गेली नाही. काठी मात्र तशीच होती. माणूस आधी हरला पाहिजे, काठी नंतर. जड काठीची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे.

मग रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला आणि रिळाचा ब्रेक लावला. साखळीतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे पिसाच्या माशाला बांधलेला शेवटचा तंगूस. तो ८ किलोचा असेल तर ब्रेक २ किलोवर सुटला पाहिजे, चौथ्या हिश्शावर. मासा पळताना वाटेल की घट्ट करावं. करू नये. वहिनींनी काट्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि तांडेलांना म्हणाल्या, "दोगांनी चष्मे लावायचे. नाय लावलं तर मी येते होडीत."

नोव्हेंबरात गेलो. कुरव पक्षी पाण्यावर तुटून पडत होते, खाली बारीक मासळी उडत होती आणि तिच्याखाली कुपा. तांडेलांनी इंजिन मंद करून होडी थव्याच्या कडेला नेली. दोन वेळा दोरी माझ्याच पायात गुंतली, तिसऱ्यांदा फेक नीट पडली. मासा पळाला तेव्हा मी रिळाला हात लावला नाही, हे विशेष. खाली घिरट्या सुरू झाल्या तेव्हा काठी आडवी ठेवली. वीस मिनिटं गेली. शेवटचे दोन हात तांडेलांनी तंगूस पकडून ओढले, कारण काठीनं मासा होडीत उचलायचा नसतो. साडेतीन किलो भरला. तांडेल चष्मा काढायला विसरले होते, भुवईवरची खूण चष्म्याच्या काडीखाली दिसत होती.

घरी आल्यावर रीळ आणि काठीचे सांधे गोड्या पाण्यानं धुऊन, सुटे करून, सावलीत वाळवावे लागतात. मीठ सांध्यात राहिलं तर पुढच्या वेळी तुकडे सुटत नाहीत. मी ते करत होतो, तेवढ्यात वहिनींनी डबा पाठवला. आंबट घातलेला कुपा, वर चिठ्ठी नाही, पण डबा घेऊन आलेल्या नातवानं निरोप सांगितला: "आजी बोलली, बाजारात हा किती रुपयांना मिलतो ते तुमाला इचार."